डिस्क भरली, पण कशानं?

घरच्या सर्व्हरवरचे फोटो आणि सिनेमे मिळून अर्धी डिस्कही भरत नाही, तरी एक दिवस ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी झळकते. पहिला संशय डॉकरवर घ्यावा. 2013 साली आलेली ही प्रणाली प्रत्येक ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवते. कंटेनर ज्या इमेजवर उभा असतो, ती एकावर एक रचलेल्या ट्रेसिंग पेपरसारखी थरांची असते. खालच्या थरातली फाइल पुसली, तर वरच्या कागदावर फक्त एक पांढरी चकती चिकटते. खाली ती फाइल जागा अडवून बसलेलीच. शिवाय ॲप अपडेट केलं की नवी इमेज येते, जुनी आपणहून जात नाही.

‘डॉकर सिस्टिम डीएफ’ ही आज्ञा इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम आणि बिल्ड कॅश यांचा हिशेब देते. पण खरा लबाड त्यात दिसतच नाही: लॉग. ॲपची प्रत्येक कुरकुर एका जेसन फाइलमध्ये उतरते आणि मूळ सेटिंगमध्ये तिला मर्यादाच नसते. एखादा कॅमेरा दर सेकंदाला ‘जोडणी तुटली’ म्हणत राहिला, तर फाइल काही जीबींची होते. डॉकरच्या कंटेनर फोल्डरात फाइलींचा आकार दाखवणारी ‘डीयू’ ही आज्ञा चालवली की ती सापडते. लॉगच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्स-साइझ’ 10 एमबी ठेवा; मात्र ही मर्यादा नव्यानं बनवलेल्या कंटेनरलाच लागू होते. आणि जागा मोकळी करताना व्हॉल्यूम सरसकट पुसू नका, तुमचा डेटा तिथंच असतो.