दंडाची पावती की नुसती समज?

एकाच चौकात, एकाच पोलिसाने हेल्मेट न घातलेले दोन दुचाकीस्वार अडविले. एकाच्या हाती दंडाची पावती पडली, दुसऱ्याला 'पुन्हा असे करू नका' अशी समज देऊन सोडण्यात आले. शहरातील रस्त्यांवर रोज दिसणारे हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो ओळखीचा किंवा चिरीमिरीचा. हा संशय प्रत्येक वेळी निराधार असतो असे नाही. मात्र समज आणि दंड यांतील निवड ही केवळ पोलिसाच्या मर्जीची बाब नसते. तिला कायद्याची चौकट आहे आणि त्या चौकटीत काही मोकळ्या जागाही आहेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'समज' नावाची शिक्षा कोठेही नाही. कायदा गुन्हा सांगतो आणि त्याची शिक्षा सांगतो. जागेवर भरला जाणारा दंड हीदेखील खऱ्या अर्थाने शिक्षा नव्हे. कलम २०० नुसार ती खटल्याऐवजी केलेली तडजोड असते. तडजोडीची रक्कम राज्य शासन अधिसूचनेद्वारे ठरवते आणि ती भरली की त्या गुन्ह्यापुरती पुढील कारवाई थांबते. आरोप मान्य नसेल तर चालकाला तडजोड नाकारून न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला असतो. याचा सरळ अर्थ असा, की कारवाई करावी की नाही हे चौकातील पोलीस ठरवू शकतो, पण दंड किती घ्यावा हे नाही. 'थोडे कमी करा' या विनंतीला कायद्यात जागा नाही.

सवलत कोठे नाही?

काही गुन्ह्यांत तडजोडीलाही वाव नाही. मद्यपान करून वाहन चालविणे हा त्यांतील प्रमुख. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास कलम १८५ लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असा निर्णय न्यायालयच करते. अशा चालकाला समज देऊन सोडणे म्हणजे पुढच्या वळणावरील पादचाऱ्याचा जीव पणाला लावणे होय.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी हा वाव आणखी आक्रसला. हेल्मेट नसल्यास केंद्रीय कायद्यात एक हजार रुपये दंडाबरोबरच तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता आली. एवढेच नव्हे, तर अतिवेग, धोकादायक वाहन चालविणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट न घालणे अशा गुन्ह्यांत पोलिसाने परवाना ताब्यात घेऊन परवाना प्राधिकरणाकडे पाठवावा, असे कलम २०६ सांगते. चौकात मात्र बहुतांश प्रकरणे पावतीवर मिटतात. कायद्याचे शब्द आणि रस्त्यावरील व्यवहार यांत येथे मोठे अंतर आहे.

कलम कोणते लावायचे?

पोलिसाचा विवेक केवळ समज आणि पावती यांपुरता मर्यादित नसतो. लाल सिग्नल ओलांडणाऱ्यावर वाहतूक चिन्हांचे पालन न केल्याचे कलम ११९ लावले तर प्रकरण साध्या दंडावर मिटते. तेच कृत्य धोकादायक ठरेल अशा रीतीने घडले असेल तर कलम १८४ लागते आणि मग प्रकरण न्यायालयात जाते. विरुद्ध दिशेने वाहन हाकणाऱ्यांवर मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये थेट भारतीय दंड विधानाच्या कलम २७९ खाली गुन्हे नोंदविण्यास सुरुवात केली होती. जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ ने घेतली आहे. म्हणजे समज, पावती आणि गुन्हा अशा या तीन पायऱ्या आहेत.

कोणती पायरी गाठायची, हे ठरविताना काही गोष्टी तोलल्या जातात. चुकीमुळे दुसऱ्याला धोका होता काय, ती अजाणता घडली की सवयीने, जागा शाळेजवळची आहे की रिकाम्या रस्त्याची, कागदपत्रे पूर्ण आहेत की नाहीत. नव्याने एकेरी झालेल्या रस्त्यावर परगावचा चालक शिरला तर समज पुरेशी ठरू शकते. रोज त्याच रस्त्याने उलट जाणाऱ्याला ती पुरत नाही. भर गर्दीत वाहन बाजूला घेतल्याने कोंडी वाढणार असेल, तर हात हलवून पुढे जाऊ देणे हाही व्यवहार्य निर्णय असतो. चालकाचा उद्धटपणा हा स्वतंत्र गुन्हा नाही, पण कायदेशीर आदेश न मानल्यास कलम १७९ नुसार दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कधी कधी समज संपूर्ण शहराला दिली जाते. दुचाकीवर मागे बसणाऱ्यासही हेल्मेट सक्तीचे असल्याची आठवण मुंबई पोलिसांनी मे २०२२ मध्ये करून दिली आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन जूनपासून कारवाई सुरू केली. नियम जुनाच होता, पण अंमलबजावणी नवी असल्याने आधी सूचना आणि मग दंड हा क्रम न्याय्य ठरला.

यंत्राची नजर

मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-चलान पद्धतीने या निवडीचे स्वरूप बदलले. छायाचित्र, वेळ आणि ठिकाण यांची नोंद झाली की चौकात हुज्जत घालून उपयोग नसतो. थकलेली जुनी चलानेही पोलिसासमोर येतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठविण्याचे बंधन केंद्रीय नियम १६७ अ ने घातले आहे. कॅमेरा समज देत नाही. गाडीत अत्यवस्थ रुग्ण आहे हे त्याला दिसत नाही, आणि चालक कोणाचा नातेवाईक आहे हेही कळत नाही.

खरा पेच आहे तो नोंदीचा. पावतीची नोंद राहते, तोंडी समजेची राहत नाही. पाच चौकांत पाच वेळा समज मिळालेला चालक सहाव्या चौकात निर्दोषच ठरतो. त्यामुळे समज सुधारणेसाठी होती, दयेपोटी होती की ओळखीपोटी, हे नंतर कोणालाच तपासता येत नाही. प्रामाणिक पोलिसाकडेही आपला निर्णय योग्य होता हे दाखविण्यास काही उरत नाही. समजेचीही यंत्रात नोंद झाली, तर पहिल्या चुकीला क्षमा आणि दुसरीला दंड हे सूत्र सर्वांना सारखे लागू करता येईल.

तोपर्यंत नागरिकाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दंड भरला तर अधिकृत पावती घ्यावी, आणि समज मिळाली तर ती सुटका मानू नये. कायदा राबविणाऱ्यालाही सूट नाही. त्यानेच वाहतुकीचा नियम मोडल्यास कलम २१० ब नुसार दुप्पट दंडाची तरतूद आहे.