सोडा मशीनची नळी किती जाड, किती लांब? आधी हिशोब, मग खरेदी

घरून सोड्याचा धंदा सुरू करायच्या व्हिडिओत आपण टाकी, सिलिंडर, रेग्युलेटर, फ्रिज सगळं बघितलं. नळीला मात्र वेळच उरला नाही. आणि नवीन माणूस फसतो तो नेमका नळीवर. म्हणून आज फक्त नळी.

आधी माझाच किस्सा ऐका. पहिला सेटअप मी घरीच जमवला. १९ लिटरची स्टीलची टाकी आणली, आतून ८ मिमी भोक असलेली नळी हाताशी होती, तीच तीन फूट कापून लावली. नळ उघडला की अर्धा ग्लास फेस! एकाने सल्ला दिला, "गॅस कमी कर." केला. फेस कमी झाला, पण दोन दिवसांत सोडा पाणचट. शेजारचे काका एक घोट घेऊन म्हणाले, "बाळा, हे तर नुसतं गार पाणी आहे." गिऱ्हाईक तर एवढंही बोलत नाही, दुसऱ्या दिवसापासून येतच नाही.

चूक कुठे झाली?

आपल्या बीडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. ठिबकची लॅटरल जास्त लांब टाकली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं, कारण नळी वाटेत प्रेशर खाते. शेतात आपल्याला ते नको असतं. सोड्यात मात्र तेच पाहिजे! टाकीत ३० पीएसआय प्रेशर आहे आणि ग्लासजवळ ते शून्य. हे प्रेशर नळीत हळूहळू उतरलं तर गॅस पाण्यातच राहतो. नळावर एकदम सुटलं तर गॅस बाहेर उडतो, तोच फेस. म्हणून टाकीचं प्रेशर कमी करू नका, नळीचा अडथळा वाढवा.

आता हिशोब

चांगल्या झणझणीत सोड्याला ४ अंशांवर साधारण ३० पीएसआय लागतात. नळीचा अडथळा किती, याचे आकडे ड्राफ्ट बिअरवाल्यांनी आधीच काढून ठेवलेत. दर फुटाला साधारण असे:

- आतून ५ मिमी (३/१६ इंच): ३ पीएसआय
- आतून ६ मिमी (१/४ इंच): ०.८५ पीएसआय
- आतून ८ मिमी (५/१६ इंच): ०.४ पीएसआय

नळ टाकीच्या वर असेल तर उंचीच्या दर फुटाला जवळपास अर्धा पीएसआय वजा करा. दोन फूट उंची म्हणजे ३० वजा १, राहिले २९. आता भागाकार: ५ मिमीला १० फूट, ६ मिमीला ३४ फूट, ८ मिमीला ७२ फूट. माझी ८ मिमीची नळी होती तीन फूट! म्हणजे मोठं भोक आपल्या कामाचं नाही.

पण थांबा, लगेच १० फूट घेऊ नका. हे आकडे जोरात ओतण्याचे आहेत, २०० मिलीचा ग्लास तीन सेकंदांत भरतो तेव्हाचे. सोड्यात गॅस जास्त, त्याला पाच सेकंद द्यावे लागतात. आणि वेग कमी झाला की अडथळा निम्म्याहून खाली येतो. म्हणून ५ मिमीची नळी २५ फूट घ्या. धार फारच बारीक वाटली तर एकेक फूट कापत या. जास्तीची नळी कापता येते. कमी पडली तर मधे जोड द्यावा लागतो, आणि जोडापाशी परत फेस होतो.

घेताना हे बघा

- माप आतलं विचारा. आरओची पाव इंची नळी बाहेरून पाव इंच असते, आतलं भोक साधारण ४ मिमीच.
- नळी फूड ग्रेड आणि प्रेशरची घ्या. ठिबकचे उरलेले तुकडे नकोत.
- पितळी जोड वापरू नका. सोडा आम्लधर्मी असतो, त्यात तांबं उतरतं. जोड स्टीलचेच.
- नळीचं वेटोळं फ्रिजच्या आत ठेवा. २५ फुटांत जवळपास १४० मिली सोडा असतो. मे महिन्यात तो बाहेर तापला की पहिला ग्लास फेसाचाच.

दुखणं ओळखा

फक्त पहिल्या ग्लासला फेस येतो? नळी किंवा नळ गरम आहे. प्रत्येक ग्लासला येतो? सोडा गार असेल तर नळी आखूड किंवा जाड आहे. फेस नाही, पण सोडा पाणचट? मग टाकीचं तापमान बघा. ३० पीएसआयला ४ अंशांवर लिटरमागे साधारण ४ लिटर गॅस मुरतो, १५ अंशांवर साधारण तीनच.

दोन गोष्टी गंभीरपणे

एक, सिलिंडर उन्हात ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहतच नाही, आतलं प्रेशर भराभर वाढतं. सिलिंडर सावलीत, हवेशीर जागी, साखळीने बांधून ठेवा. बंद खोलीत गॅस गळला तर माणूस गुदमरतो.

दोन, हाच सेटअप बिअरला चालतो हे खरं, पण परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे. आपला धंदा सोड्याचा, आणि त्यालाही एफएसएसएआय नोंदणी काढूनच सुरुवात करा.

सगळ्या सेटअपमध्ये नळी ही सगळ्यात स्वस्त वस्तू. पण गिऱ्हाईक परत येणार की नाही, हे बऱ्याचदा तीच ठरवते. आज वही घ्या, आपली टाकी, उंची आणि प्रेशर लिहा, भागाकार करा. दुकानात त्यानंतर जा.