पदवी लपवावी काय?

गेल्या महिन्यात एक तरुण खातेदार अर्ज घेऊन आमच्या शाखेत आले. जागा बारावी उत्तीर्णांसाठी होती. "साहेब, एम.कॉम. लिहिलेच नाही तर?" त्यांनी हळूच विचारले. मी स्वतः एम.कॉम. असल्याने हा प्रश्न मला परका वाटला नाही.

उत्तर मात्र स्पष्ट आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शिपाईपदाच्या जाहिरातीत उमेदवार पदवीधर नसावा, अशी अट होती. एकाने पदवी दडवून निवड मिळविली. उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. परंतु ३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पात्रता ठरविणे हा नियोक्त्याचा अधिकार असून माहिती दडविणाऱ्यास नेमणुकीवर हक्क सांगता येत नाही, असा त्याचा आशय. पदवीधर शिपाई दुसरी परीक्षा देऊन लवकरच निघून जाईल, ही नियोक्त्याची धास्तीही अगदीच निराधार नसते.

मग क्षेत्रच बदलावे काय? जरूर विचार करावा, पण हिशेब मांडून. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परतफेडीची सवलत सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापर्यंत असते. नोकरी लागो वा न लागो. त्यानंतर हप्ता थकल्यास सहकर्जदार वडिलांच्याही पतनोंदीवर डाग पडतो. नव्या प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वी तेवढ्या महिन्यांचे हप्ते बाजूला काढलेले असावेत. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून अ‍ॅग्री-क्लिनिक योजना आहे. वाणिज्य पदवीधरांना तशी तयार वाट नाही, हे खेदाने नमूद करतो.

त्या गृहस्थांनी अर्जाची घडी खिशात ठेवली आणि पहिल्या हप्त्याची तारीख विचारून घेतली.