फूटपाथचा उतार आणि माझी स्कूटर

ज्यांना ऐकू येत नाही किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचाही भाग लिहून देतोय.

सुरुवात एका कबुलीने. माझा कॉलेजचा मित्र व्हीलचेअर वापरतो. मेट्रोने क्लासला जातो. स्टेशनात लिफ्ट आहे, आत काही अडचण नाही. खरी परीक्षा बाहेर, शेवटच्या पाचशे मीटरची. एके दिवशी त्याचा फोन आला, "अरे, चौकातल्या फूटपाथच्या उतारावर लावलेली स्कूटर तुझीच ना?" माझीच होती. "दोन मिनिटांत येतो" म्हणून लावली होती. तो भर ट्रॅफिकमध्ये, बसच्या शेजारून चेअर ढकलत गेला.

मग मी जरा अभ्यास केला. तोच आज सांगतो.

पहिलं, उतार. नियम सोपा आहे, १:१२. म्हणजे १ सेंटीमीटर चढायला १२ सेंटीमीटर लांबी. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फूटपाथ रस्त्यापासून जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर उंच असावा. मग उतार झाला १.८ मीटरचा. पण फूटपाथच ३० सेंटीमीटर उंच बांधला, तर लागतात ३.६ मीटर! तेवढी जागा कुठून आणणार? मग सिमेंटचा घसरगुंडीसारखा तुकडा ओततात आणि 'रॅम्प झाला' म्हणतात. त्यावरून चेअर मागे उलटू शकते. म्हणजे चूक उतारात नाही, फूटपाथच्या उंचीतच आहे.

दुसरं, तोंडाशी रोवलेले खांब. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. पण तेवढ्या फटीतून स्कूटरही आरामात जाते. सिग्नलला थांबायचा कंटाळा म्हणून आपण फूटपाथवर गाड्या घालतो, म्हणून खांब जवळजवळ रोवले जातात, आणि अडकतो कोण? चेअरवाला. हे वाचून मला माझीच लाज वाटली.

तिसरं, त्या पिवळ्या खडबडीत फरश्या. त्या शोभेच्या नाहीत बरं का! जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे 'सरळ चला'. गोल ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे रस्ता, जिना किंवा वळण आहे'. पायाला आणि पांढऱ्या काठीला ही भाषा कळते. पण आपल्याकडे या रेघा कधी थेट डीपीच्या खोक्यावर, कधी झाडाच्या बुंध्यावर जाऊन संपतात. चुकीची पाटी वाचून खड्ड्यात पडावं, तसंच हे.

कायदा आहे का? आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ठणकावलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, त्यातले किमान निकष सक्तीचे करा. थोडक्यात, उतार ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

आणि फायदा फक्त दिव्यांगांना होतो असंही नाही. बाबागाडी ढकलणारी आई, गुडघे दुखणारी आजी, ट्रॉली बॅग ओढत निघालेले तुम्ही, सगळेच त्या उतारावरून जातात. पाय मुरगळला की मग कळतंच.

आता तुमचं काम. या आठवड्यात घरापासून बसस्टॉपपर्यंत फूटपाथवरूनच चाला. कुठे खाली उतरावं लागतं ते मोजा. अडथळ्याचा फोटो काढा, लोकेशन लिहा आणि महापालिकेकडे तक्रार नोंदवा. 'रस्ता खराब आहे' एवढंच नको. 'उतार नाही, उंची इतकी सेंटीमीटर' असं नेमकं लिहा. आणि दोन मिनिटांसाठीसुद्धा उतारावर गाडी लावू नका.

मित्र अजून मला चिडवतो, "काय रे, आज स्कूटर कुठे?" मी सांगतो, "पार्किंगमध्ये. दहा रुपये देऊन."

भेटू पुढच्या भागात. चालत राहा!