उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते कशी?

मृगाचा चांगला पाऊस होऊन जातो, दोन-तीन दिवसांत रानाला वाफसा येतो. पेरणीयंत्र जोडून तुम्ही पहाटे किल्ली फिरवता, आणि सेल्फ नुसता 'कट' असा आवाज करून गप्प बसतो. आठ दिवसांपूर्वी तर ट्रॅक्टर चांगला चालत होता! मग शेजाऱ्यांना हाका मारून धक्का द्यायचा, नाहीतर तालुक्याला जाऊन नवी बॅटरी आणायची. शेतकरी बंधू-भगिनींनो, नवी बॅटरी हा यातला सर्वांत महागडा उपाय आहे, आणि पुष्कळदा तो उपायच नसतो. वीज कुठेतरी गळत असेल, तर नवी बॅटरीही तशीच उतरते.

म्हणून आधी एक गोष्ट ठरवावी. दोष बॅटरीचा की ट्रॅक्टरचा? बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली तिची वायर, म्हणजे बहुधा वजा खुणेची, काढून ठेवा. जितक्या दिवसांत बॅटरी उतरते तितके दिवस ती तशीच राहू द्या. मग वायर जोडून किल्ली फिरवा. तरीही सेल्फ फिरला नाही, तर बॅटरीच थकलेली आहे. झटक्यात चालू झाला, तर वीज ट्रॅक्टर खातो आहे.

हे करण्याआधी बॅटरीचे डोके मात्र पुसून घ्यावे. धूळ आणि सांडलेले ॲसिड मिळून दोन्ही टर्मिनलांमध्ये ओलसर थर बसतो व त्यातून वीज झिरपत राहते. झाकणे घट्ट लावून, घरातला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने पुसावे, मग साध्या पाण्याने. सोड्याचे पाणी आत जाता कामा नये. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा खरवडून व्हॅसलीन लावावे. आत पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. बॅटरीजवळ विडी-काडी अजिबात नको, तिच्यातून निघणारा वायू भडका घेतो.

आता गळती शोधण्याची युक्ती. पार्किंग दिव्याचा १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. किल्ली बंद, सगळे दिवे बंद. बॅटरीची वजा बाजूची वायर काढा आणि ते टर्मिनल व ती काढलेली वायर यांच्या मध्ये हा बल्ब धरा. बल्ब लागला की समजावे, वीज चालली आहे. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या रस्त्यावर चोर आहे.

माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याने एका हंगामात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. दोष सगळा धाकट्या मुलाच्या माथी. रात्री ट्रॅक्टरवर बसून गाणी ऐकतो, टेप बंद करायचा विसरतो, अशी वडिलांची खात्री. पोरगा कितीदा 'बंद केला होता' म्हणाला, पण ऐकतो कोण? मी गेलो तेव्हा बल्ब लावला. तो पेटला. पहिल्यांदा टेपचीच वायर काढली. बल्ब तसाच. दिव्यांचा फ्यूज काढला, हॉर्नचा काढला, तरी तसाच. शेवटी बल्ब बाजूला करून अल्टरनेटरची जाड वायर सोडवली, तिचे टोक कापडात गुंडाळले आणि पुन्हा बल्ब धरला. विझला! अल्टरनेटरमधला डायोड गेला होता. डायोडचे काम वीज बॅटरीकडे जाऊ देणे आणि परत येऊ न देणे. तो बिघडला की इंजिन बंद असताना वीज उलटी वाहते. वडील काही बोलले नाहीत. अल्टरनेटर खोलून दुरुस्तीला नेताना मात्र त्यांनी मुलालाच बरोबर घेतले.

मोठी गळती बल्बने कळते, बारीक कळत नाही. तिच्यासाठी मल्टिमीटर लागतो. तो १० अँपिअरच्या जागी लावून बल्बासारखाच मध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो आणि मीटर जळतो. ५० मिलिअँपिअर म्हणजे फारच थोडी वीज वाटेल. पण तेवढीच रोज गळाली, तर महिन्यात ३६ अँपिअर-तास जातात, म्हणजे ७५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतली जवळजवळ निम्मी. आणि ५ वॅटचा एक दिवा चालू राहिला, तर तीच बॅटरी आठवडाभरात रिकामी होते. जुन्या साध्या ट्रॅक्टरवर किल्ली बंद केल्यावर मीटरचा आकडा शून्याजवळ हवा. घरची जीप किंवा मोटार असेल, तर तिच्यातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला थोडी वीज लागतेच. तेव्हा दारे लावून अर्धा तास थांबावे आणि मग आकडा पाहावा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालते.

गळती कुठेच सापडली नाही, तर बॅटरी मुळात भरते का ते पाहा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा. कमी दिसला तर पट्टा सैल आहे का, आधी तेवढेच बघा.

पेरणी ते काढणी ट्रॅक्टर नुसता उभा राहणार असेल, तर बॅटरीच्या वायरीवर मेन स्विच बसवून घ्या आणि उतरताना तो बंद करा. उन्हाळ्यात बॅटरी आपोआपही लवकर उतरते, म्हणून महिन्यातून एकदा चार्ज करावी. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि मग ती पूर्ण भरत नाही. वायर काढताना वजा आधी, जोडताना वजा शेवटी.