महाविद्यालयीन स्तरावरील प्राथमिक बीजगणित : भाषेच्या अंगाने एक विचार

प्रस्तावना

हैदराबादच्या सुलतान बाजार परिसरात उर्दू, तेलुगू, मराठी आणि हिंदी या चारही भाषा एकाच गल्लीत कानावर पडतात. कोठीचा जुन्या पुस्तकांचा बाजार येथून हाकेच्या अंतरावर आहे. 1907 साली सुरू झालेली विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्थाही जवळच आहे. अशा वस्तीतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी हिशोबात सहसा कच्चा नसतो. कापडाचा भाव, सूट, उधारी हे तो तोंडी सांगतो. मात्र फळ्यावर क्ष हे अक्षर आले की तो थांबतो. येथे अडखळलेल्या विद्यार्थ्याला वाणिज्य, संगणक, परिचर्या यांसारखे अभ्यासक्रम आणि बहुतेक स्पर्धा परीक्षा अवघड होऊन बसतात. म्हणून ही अडचण नेमकी कोठे आहे हे शिक्षकाने पाहणे अगत्याचे आहे. ती गणनेची कमी आणि वाचनाची अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बरोबरच्या चिन्हाचा अर्थ

शालेय अंकगणितात बरोबरचे चिन्ह ‘आता उत्तर लिहा’ अशी आज्ञा बनून राहते. 8 + 4 = ? + 5 येथे प्रश्नचिन्हाच्या जागी अनेक विद्यार्थी 12 लिहितात. खरे उत्तर 7 आहे, कारण हे चिन्ह दोन बाजूंचे मोल सारखे असल्याचे सांगते. तराजूची दोन पारडी हा दाखला बाजारातील मुलाला नवा नाही. पण त्या चिन्हाचा तराजूशी असलेला संबंध त्याला कोणी सांगितलेला नसतो.

नावातच दडलेली रीत

नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदाद येथे खलीफा मामून यांच्या काळात मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी ‘अल-जब्र व अल-मुकाबला’ या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यात चिन्हे नाहीत. सर्व काही शब्दांत आहे. ग्रंथाचा मोठा भाग वारसा व मृत्युपत्राच्या वाटणीला वाहिलेला आहे. म्हणजे ही विद्या मुळातच व्यवहाराच्या प्रश्नांशी जोडलेली होती.

जब्र म्हणजे मोडलेले सांधणे. एका दुकानदाराने सारख्या किमतीचे 5 दुपट्टे विकले आणि 150 रुपये भाडे वजा जाता त्याच्याकडे 600 रुपये उरले. समीकरण असे : 5क्ष − 150 = 600. वजा झालेले 150 दोन्ही बाजूंना परत दिले की 5क्ष = 750 आणि एका दुपट्ट्याची किंमत 150 रुपये. तूट भरून काढणे हाच जब्र.

मुकाबला म्हणजे समोरासमोर ठेवणे. एका ग्राहकाने 7 मीटर कापड घेतले व शिलाईचे 20 रुपये दिले. दुसऱ्याने त्याच भावाचे 4 मीटर घेतले व शिलाईचे 110 रुपये दिले. दोघांचे बिल सारखेच झाले : 7क्ष + 20 = 4क्ष + 110. दोन्हीकडून 4क्ष आणि 20 काढले की 3क्ष = 90 आणि भाव 30 रुपये मीटर.

आपल्या वर्गांत याऐवजी ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे सूत्र पाठ करवले जाते. मग 5क्ष = 750 वरून विद्यार्थी क्ष = 750 − 5 असे लिहितो. दिलेला नियम त्याने इमानाने पाळलेला असतो. त्या नियमामागचे कारण मात्र त्याला मिळालेले नसते.

अक्षर म्हणजे काय?

1981 साली अमेरिकेत जॉन क्लेमेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ हे विधान समीकरणात मांडण्यास सांगितले होते. अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक चुकले. अनेकांनी 6वि = प्रा असे लिहिले. बरोबर समीकरण वि = 6प्रा हे आहे. चुकणाऱ्यांनी ‘वि’ हे विद्यार्थ्याचे संक्षिप्त नाव मानले. वस्तुतः ती विद्यार्थ्यांची संख्या आहे. यावरून हा दोष केवळ आपल्याकडील माध्यमाचा नाही हे स्पष्ट होते. पण परकी भाषा मध्ये आली की तो अधिक खोल रुजतो.

परिभाषेचा पूल

1917 साली हैदराबादेत दारुत्तर्जुमा स्थापन झाले आणि 1918 साली उस्मानिया विद्यापीठ. उर्दूतून उच्च शिक्षण देण्यासाठी तेथे गणितासह अनेक शास्त्रांची परिभाषा घडवण्यात आली. 1948 नंतर उस्मानियात इंग्रजी माध्यम आले. 1998 साली याच शहरात मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ उभे राहिले. म्हणजे ही परिभाषा आजही उपलब्ध आहे. तिचा वर्गात उपयोग व्हायला हवा.

उर्दूत समीकरणाला मुसावात म्हणतात. त्यात मुसावी, म्हणजे समान, हा ओळखीचा शब्द आहे. मराठी ‘समीकरण’ही तेच सांगते. ब्रह्मगुप्तांनी 628 साली संख्यांसाठी वापरलेले धन आणि ऋण हे शब्द तर थेट जमा आणि कर्ज सुचवतात. उर्दूतील मुस्बत व मनफी त्यांच्या शेजारी लिहिले की वजा संख्येची भीती कमी होते. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘बीजगणित’ ग्रंथाचा शहाजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी फारसीत अनुवाद केला होता. दोन परंपरांतील ही देवाणघेवाण जुनीच आहे.

वर्गासाठी काही सूचना

पहिले दोन आठवडे समीकरण सोडवण्याऐवजी ते वाचून दाखवण्यास सांगावे. विद्यार्थ्याने आपल्या भाषेत पूर्ण वाक्य बोलावे, मग चिन्हांत लिहावे, आणि उत्तर मूळ प्रश्नात घालून पडताळावे. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याचे वाक्य उजवीकडून डावीकडे जाते, तर समीकरण डावीकडून उजवीकडे; हा बदल शिक्षकाने एकदा स्पष्टपणे सांगावा. प्रत्येक नव्या शब्दाची उर्दू, मराठी किंवा तेलुगू आणि इंग्रजी रूपे वहीत एका ओळीत ठेवावीत. परीक्षा इंग्रजीत असल्याने इंग्रजी शब्द अखेरीस यायलाच हवा. मात्र तो अर्थ कळल्यानंतर यावा.

समारोप

अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी प्राथमिक बीजगणितात नापास होतो तेव्हा ‘याचा पायाच कच्चा’ असा निवाडा लवकर दिला जातो. तो देण्यापूर्वी त्याला एक समीकरण त्याच्या बोलीत वाचायला लावावे. वाचता आले नाही तर काय शिकवायचे बाकी आहे ते शिक्षकाला कळेल. वाचता आले, तर पुढील हिशोब बहुधा तो स्वतःच करील.