माहीमचा बुधवार

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेर मेणाचे शरीर सुटे सुटे विकायला मांडलेले असते. हात, पाय, डोळे, हृदय. पाळणा हलावा म्हणून मेणाचे बाळ, डोक्यावर छप्पर यावे म्हणून मेणाचे घर. ज्याचे जे दुखते ते त्याने विकत घ्यायचे आणि मरियामातेपुढे ठेवायचे. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्यांच्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच रांगेत ख्रिस्ती भाविकांइतक्याच सहजपणे हिंदू आणि मुसलमानही उभे असतात.

चर्चचा इतिहास थोडक्यात असा: सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी ते उभारले. १७३९ मध्ये, वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत, वांद्र्याच्या डोंगरावरची मरियामातेची मूर्ती इथे आली आणि १७६१ पर्यंत राहिली. आजची इमारत १९७३ ची.

बुधवारची गर्दी मात्र त्या मानाने अलीकडची. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी बेलफास्टमध्ये नोव्हेना पाहिली होती. तीच त्यांनी ८ सप्टेंबर १९४८ रोजी माहीमला सुरू केली. मरियेच्या जन्माचा सण त्या वर्षी नेमका बुधवारी आला होता. नोव्हेना म्हणजे नवाची प्रार्थना. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत शिष्य आणि मरिया प्रार्थनेत राहिले, ते नऊ दिवस तिच्या मुळाशी आहेत. माहीमला दिवसांचे आठवडे झाले. नऊ बुधवार, खाडा न करता.

या लेखकाचा जीव अडकला आहे तो इथल्या चित्रात. ‘अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सकर’, म्हणजे सदैव धावून येणारी माता. मूळ बायझंटाइन धाटणीचे चित्र रोमच्या सान्त आल्फोन्सो चर्चमध्ये आहे. पोप नववे पायस यांनी १८६६ मध्ये ते रिडेम्प्टरिस्ट संघाकडे सोपवले. चित्रात दोन देवदूत आहेत. गॅब्रिएलच्या हाती क्रूस आणि खिळे, मायकलच्या हाती भाला आणि स्पंज. होय, ज्याच्या नावाचे हे चर्च तोच मायकल! पुढच्या यातना दिसताच बाळ येशू दचकून आईचा हात घट्ट धरतो आणि त्या धांदलीत त्याच्या एका पायातली चप्पल निसटून नुसती लोंबकळते. आजारी माणसे तासन्‌तास ज्या चित्रापुढे हात जोडतात, त्यातले मूलच घाबरलेले आहे. लेखकाने हे चित्र किती बुधवार पाहिले असेल, पण नजर आधी त्या चपलेवरच जाते.

नोव्हेनेत भाविकांची आभारपत्रे वाचली जातात. गाठ विरघळली, मूल झाले, दारू सुटली. ऐकताना अंगावर काटा येतो. पण मोजमापाचा निकाल वेगळा आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नव्हती. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्यांच्यात ती ५९ टक्क्यांना झाली. ज्यांना खात्री नव्हती, त्यांच्यात प्रार्थना झालेल्या गटात ५२ आणि न झालेल्या गटात ५१ टक्क्यांना.

हा आकडा झाकून ठेवण्याचे कारण नाही, आणि गोळ्या बंद करून मेण वाहा असे सांगणाऱ्याला तर तो तोंडावर दाखवावा. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभारले, तेही ख्रिस्ती श्रद्धेतूनच. शिवाय विनवणी कधी फळते, कधी फळत नाही, हा अनुभव बायबललाही नवा नाही. लूकच्या शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाचा उंबरा झिजवते आणि न्याय मिळवते. प्रेषित पौलाने मात्र देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि काटा तसाच राहिला. लेखकाला ही दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटते, कारण आभारपत्र न लिहिताही परत येणारी माणसे माहीमला त्याने पाहिली आहेत.

गेल्या पावसाळ्यात एक म्हातारी बाई लेकीच्या खांद्याचा आधार घेत पायऱ्या उतरत होती. नववा बुधवार होता, गुडघा होता तसाच होता. मेणाचा पाय तिने आत ठेवला होता. फाटकाशी थांबून तिने लेकीला विचारले, “पुढच्या बुधवारी तुला सुट्टी मिळेल ना गं? तो पहिला धरू.”